धुळ्याच्या माणसाने येऊ नये

९ जानेवारी

गेली. पन्नासावी कॅसेट गेली. सत्यानाश होवो त्या धुळ्याच्या माणसाचा.

जगात पन्नासच होत्या. ओडवार नावाचा नॉर्वेचा म्हातारा. त्याने मासळीच्या बर्फघरात रेकॉर्डर ठेवून चाळीस मिनिटांचा घुंऽऽ पकडला आणि त्यावर स्वतः बनवलेल्या यंत्रातून दोन सूर सोडले. दोनच. हा संयम आपल्या जिल्ह्यात कोणाच्या बापाला कळणार आहे? मी पैसे भरायच्या पानावर होतो. ओटीपी येत होता. तेवढ्यात दुकानात भडगावचे लोटन आबा आले आणि मशीन चालत नाही म्हणून ओरडायला लागले. कानाची मशीन विकणं हा माझा धंदा, म्हणून उठावं लागलं. सेल उलटा टाकला होता. सुलटा करून परत येतो तर ‘सोल्ड आउट’.

त्या साइटवर प्रत्येक अल्बमखाली विकत घेणाऱ्यांची नावं येतात. सगळ्यात वर: पांझरा नॉइज, धुळे.

शेवटी फाइल डाउनलोड करून घेतली. खाली माझं नाव आलं: गिरणा फ्रिक्वेन्सी, जळगाव. फाइल घेणारे अख्ख्या देशात दोघंच, मी आणि तो. घरात टेपरेकॉर्डर नाही ही गोष्ट वेगळी. कॅसेट ऐकायची नसते, असावी लागते.

१० जानेवारी

या वर्षाचा संकल्प एकच. जगातला कुठलाही नवा, प्रायोगिक, स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक अल्बम पांझराच्या आधी मी शोधायचा. तीन वर्षं हा माणूस माझ्या पुढे चार पावलं चालतोय. मी काही शोधून काढावं, छाती फुगवून खाली बघावं, तर हा आधीच बसलेला. वर कॉमेंट टाकलेली असते. परवा लिहिलं होतं की अठराव्या मिनिटाला जो बारीक खरखराट आहे तो ऐका. मी ऐकला. खरखराट होता. मी उत्तर दिलं की काही लोकांना खरखराटच कळतो.

‘कानठळ्या’ या माझ्या न्यूजलेटरचे वर्गणीदार चार. पहिला मी. दुसरा मीच, दुकानाच्या ईमेलवरून. तिसरी मोहिनी, म्हणजे बायको. तिच्या फोनवरून मीच नाव घातलं. चौथा मात्र अस्सल आहे. नाव नाही, ईमेलमध्ये नुसते आकडे. अंक पाठवला की लगेच उघडतो, एकही चुकवत नाही. बर्लिनचा असणार. समीक्षक असणार. मराठी कशी वाचतो हा प्रश्न मोहिनीने काढला. तिला म्हटलं, आजकाल भाषांतर आपोआप होतं.

१७ जानेवारी

जिंकलो! आज सकाळी एक अल्बम सापडला, अर्ध्या तासापूर्वी साइटवर पडलेला. घेणारा पहिला मी. पांझराचा पत्ता नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून पूर्ण ऐकला. पंचेचाळीस मिनिटं शांतता. अक्षरशः काहीही नाही. अंगावर काटा आला. लगेच ‘कानठळ्या’चा विशेषांक काढला: ‘ध्वनीच्या पलीकडचं धाडस’. त्यात लिहिलं की पस्तिसाव्या मिनिटाला शांततेचा पोत बदलतो.

सायंकाळ. पांझराने कॉमेंट टाकली की फाइल रिकामी चढली आहे, अल्बम काढणाऱ्या लेबलला कळवलंय. लेबलने त्याचे आभार मानले आणि खरी फाइल टाकली. तिच्यात ढोल आहेत.

मला तो आधीपासूनच संशयास्पद वाटत होता. बर्लिनवाल्याने विशेषांक दोनदा उघडला. त्याला तरी कळलं असणार.

२५ जानेवारी

मोहिनी धुळ्याला गेली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर राहणार. जाताना तिला काम सांगितलं: गावात नजर ठेव. पांझरा हा पंचविशीतला असणार, काळा टी-शर्ट, दाढी, हातावर गोंदण, बापाच्या पैशावर मोठे हेडफोन. देवपूरकडे फ्लॅट असणार. दिसला की फोटो काढून पाठव.

मोहिनी म्हणाली की अख्ख्या खानदेशात हे असलं ऐकणारे तुम्ही दोघंच असाल तर भांडता कशाला, एक दिवस चहा प्या. अशिक्षित बोलणं. एम.ए.बी.एड. आहे, पण या क्षेत्रात अशिक्षितच. तिला म्हटलं की दोघंच आहोत म्हणून तर भांडतो. दहा असते तर सोडून दिलं असतं.

घरात आता मी आणि आई. आईला संगीताचं काही नाही. मी स्पीकर लावला की ती मिक्सर बंद राहिला का ते बघायला स्वयंपाकघरात जाते.

३ फेब्रुवारी

हे गाव मुळात बहिरं आहे. माझा धंदा हाच त्याचा पुरावा.

आज कान तपासायला सावद्याचे एक केळीवाले काका आले. तपासणीच्या बीप-बीपऐवजी त्यांना ओडवारची चार मिनिटं लावली. कान तयार व्हावा, धंद्यातून प्रबोधन व्हावं, हा हेतू. विचारलं, काय ऐकू आलं? काका म्हणाले की हा आवाज तर दोन वर्षांपासून माझ्या कानात आहे, हाच घालवायला मी इथे आलो.

मशीन न घेता गेले. जाऊ दे. असल्या कानात माझं मशीन शोभलंही नसतं.

१४ फेब्रुवारी

दुपारी दुकानात ईमेल आला. ओडवार गेला. १२ तारखेला, झोपेत. लेबलने चारच ओळी लिहिल्या आहेत.

रडू आलं. खरंच आलं. कारण काय, ते कळत नाही. मी त्याला भेटलेलो नाही, त्याचा आवाज ऐकलेला नाही, त्याच्या बर्फघराचा तेवढा ऐकलाय. दुकानात एक आजी बसल्या होत्या, त्यांना वाटलं मशीनची किंमत जास्त सांगितली म्हणून मला वाईट वाटतंय. रात्री जेवताना आईसमोर पुन्हा आलं.

अल्बमखाली श्रद्धांजली लिहायला गेलो. पांझराची आधीच आलेली! एकच ओळ: आज त्याचं बर्फघर दिवे बंद करून ऐकलं. नालायक. माणूस मेल्यावरसुद्धा नंबर लावायचा? मी खाली लिहिलं की दुःखाची शर्यत लावणाऱ्यांना ओडवार कधीच कळला नाही.

रात्री पुन्हा उघडून बघितलं, माझीच ओळ शेवटची. जिंकलो.

१५ फेब्रुवारी

ठरलं. जळगावात ओडवारचं सामूहिक श्रवण. माझ्या घरी, पुढच्या रविवारी, २२ तारखेला. खानदेशातलं पहिलं. पांझराने हजार कॉमेंट टाकल्या तरी हे त्याच्याने होणार नाही, कारण त्याला माणसं नाहीत. मला आहेत.

नातेवाइकांचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, दुकानाचे ग्राहक, सगळीकडे एकच मेसेज टाकला. भाषा मुद्दाम साधी ठेवली, प्रायोगिक वगैरे शब्द घातले की लोक घाबरतात. लिहिलं: ‘माझे गुरू १२ तारखेला गेले. त्यांच्या आठवणीसाठी रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी यावे. शांत बसावे. बोलू नये. फोन बंद ठेवावा. भूपेंद्र.’ सोबत ओडवारचा फोटो, पांढऱ्या दाढीतला.

अल्बमखालीही पत्त्यासकट आमंत्रण टाकलं. शेवटची ओळ: जाणकारांसाठीच आहे, धुळ्याच्या माणसाने येऊ नये.

१८ फेब्रुवारी

माझा विश्वास बसत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकूण एक माणसाने हात जोडले आहेत. मी एरवी ‘कानठळ्या’ची लिंक टाकतो तेव्हा त्याखाली लगेच कोणीतरी शुभ सकाळचं फूल टाकून ती वर ढकलतं. या वेळी तीन दिवस फूल नाही. माझा मेसेज तसाच, त्याखाली नुसते हात.

मोहिनीचा फोन. आवाज एकदम मऊ. विचारलं की गुरू म्हणजे कोण, कधी बोलला नाहीत. म्हटलं, ऐकायचं कसं ते त्यांनी शिकवलं, आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे. म्हणाली की जेवत जा वेळेवर. मग म्हणाली, नानांना घेऊन येते रविवारी. नाना म्हणजे माझे सासरे, झुलाल नाना. बारा वर्षांत या माणसाने माझ्या एका आवडीची चौकशी केलेली नाही.

कलेत ताकद असते. फक्त थांबावं लागतं.

२१ फेब्रुवारी

तयारी. मंडपवाल्याला सांगितलं, पंधरा-वीस माणसं येऊन शांत बसतील, खुर्च्या नकोत. त्याने जास्त विचारलं नाही. पांढरीशुभ्र बिछायत दिली आणि भाड्याचं नंतर बघू म्हणाला. याच माणसाने वर्षापूर्वी माझ्या भाच्याच्या वाढदिवसाला आगाऊ पैसे घेतले होते. ओडवारचं नाव ऐकून वठणीवर आला.

फोटो स्टुडिओवाल्याने फ्रेम करून दिली, खाली तारीख टाकून. न सांगता. आईने फोटो स्टुलावर ठेवला, हार घातला, समोर समई लावली. मी हाराला विरोध केला, पण समई राहू दिली. मंद उजेड असला की कान जास्त काम करतो.

चहा-बिस्किटांचं आईला सांगितलं तर अंगावर आली. म्हणे अशा दिवशी आपल्या घरचा चहा कोणी पिणार नाही. मान्य. कप वाजतात.

उद्या पांझरा आला तर काय करायचं ते ठरवून ठेवलं आहे. दारातच ओळखीन. काळा टी-शर्ट दिसला की आत घ्यायचं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

जेवायच्या आधी लिहून ठेवतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस.

दहाला मी बर्फघर सुरू केलं. दहा-पाचला माणसं यायला लागली. पांढऱ्या टोप्या, पांढरे शर्ट. इतका एकजीव श्रोतृवर्ग मी फक्त परदेशी व्हिडिओत पाहिला आहे. प्रत्येक जण आला, फोटोला नमस्कार केला, मान खाली घालून बसला. कोणी कोणाशी बोललं नाही. खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकले. बायका आतल्या खोलीत, डोक्यावर पदर घेऊन. भिंतीपलीकडून हा आवाज कसा लागतो ते त्यांना बरोबर कळलं. दहा-दहा मिनिटं बसून पहिले उठत, नवे येत. येत राहिले. बिछायत कमी पडली.

शेजारच्या सुंदरबाई पिठलं-भाकरीचा मोठा डबा घेऊन आल्या. न सांगता! लोकसहभाग म्हणतात तो हा.

लोटन आबा भडगावहून आले, मी विकलेलं मशीन लावून. कानाशी येऊन विचारलं, कोण गया भो? मी म्हटलं, ओडवार. आबांनी मान हलवली आणि म्हणाले की चांगला माणूस व्हता. मला भरून आलं. भडगावात ओडवार पोचला आहे आणि मी इकडे उगाच लोकांना शिव्या घालत होतो. थोड्या वेळाने आबा पुन्हा वाकले आणि म्हणाले की फ्रीज बिघडेल शे, बंद कर. ओडवारला बिघडलेला फ्रीज म्हणतात! वय झालं आहे, सोडून दिलं.

मोहिनी आणि नाना सव्वादहाला आले. मोहिनीचे डोळे लाल. नाना माझ्याशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. म्हणाले की गुरू कोणालाच जन्मभर पुरत नाही, आता तुम्हालाच उभं राहायचं आहे. मी म्हटलं, नाना, त्यांचं काम मी पुढे नेणार. नानांनी पिशवीतून टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला, डोक्यावर टोपी घातली. सगळ्यांसमोर सत्कार! शाल-श्रीफळ शोभलं असतं, पण धुळ्याची माणसं, हाताला लागलं ते आणलं. टॉवेल-टोपी आणखी कुठे देतात ते मला माहीत आहे, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण लग्नात जावयालाही देतातच की. नानांचं बघून आणखी चार-पाच जणांनी टॉवेल टाकले. खांदा अवघडला.

एकच माणूस वाईट निघाला आणि त्यानेच शेवट नासवला.

चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, बियाण्याच्या कंपनीची टोपी, हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी. कोणाच्या ओळखीचा नव्हता. घामाने डबडबलेला आला. फोटोला नमस्कार नाही. फोटोकडे बघून हसला! मग सगळ्यांना ओलांडून पार स्पीकरला चिकटून बसला, डोकं भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले. चक्क झोपला. बाकी अख्खं गाव मान खाली घालून ऐकतंय आणि हा ढेरपोट्या माझ्या बिछायतीवर डुलक्या काढतोय. मी रागाने नुसता जळत होतो, पण कार्यक्रम बिघडू नये म्हणून गप्प बसलो.

अल्बमची शेवटची अकरा मिनिटं आवाज हळूहळू बुडत जातो. तेवढ्यात नाना उठले, बाकीचेही उठायला लागले. झोपलेल्याने डोळे उघडले आणि नानांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. माझ्या सासऱ्यांना! गप्प बसा म्हणून! मग उठला, आपलं घर असल्यासारखा माझ्या ॲम्प्लिफायरपाशी गेला आणि आवाज वाढवला.

माझं टाळकंच सरकलं. दंड धरून मागे ओढला. तुझ्या बापाचं घर आहे का, कोणी बोलावलं तुला, झोपायचं असेल तर स्टँडवर जा, सगळं बोललो. तो म्हणाला की अजून संपलं नाही, शेवट राहिला आहे. मला! माझ्या घरात! ओडवार कुठे संपतो ते मला सांगतो! म्हटलं, चपला उचल आणि चालता हो. सगळं घर बघत होतं. तो एकदा फोटोकडे बघून गेला. मोहिनी त्याला दारापर्यंत सोडायला धावली, पाणी दिलं म्हणे. तिचं हे नेहमीचं.

मूडच गेला, म्हणून मी पुढचं बंद केलं. शेवट कोणी ऐकला नाही. बिघडलं काय? लोक तृप्त होऊन गेले.

पांझरा आला नाही. भित्रा. दारावरून एक काळा टी-शर्ट गेला होता, पण तो कुरिअरवाला होता.

२३ फेब्रुवारी

‘कानठळ्या’चा महाविशेषांक काढला: ‘जळगावने ऐकलं’. शेवटच्या परिच्छेदात त्या झोपाळू माणसाची यथेच्छ हजेरी घेतली. अडाणी, बेसूर, पोटाने ऐकणारा, असं सगळं. बर्लिनवाल्याने दोनच मिनिटांत उघडला.

मोहिनी नानांबरोबर लगेच परत गेली. सासूबाईंना अजून धरून चालवावं लागतं.

२६ फेब्रुवारी

नानांचा फोन. विचारलं की तेराव्याचं काही होतं का, आम्हाला निरोप नाही. मला आधी वाटलं, दुसऱ्या कार्यक्रमाची मागणी आहे. खूश होऊन विचारलं, नाना, सगळ्यात जास्त काय भावलं? आवाजाचा थर, की ते दोन सूर?

नानांनी विचारलं, कुठला आवाज?

मी म्हटलं, रविवारी लावला होता तो. नाना म्हणाले की घुंऽऽ असं काहीतरी चाललं होतं खरं, मला वाटलं तुमचा फ्रीज गेला, पण दुखवट्याच्या घरी फ्रीजचं काय बोलायचं. मग विचारलं की गुरूंच्या घरी मागे कोण आहे, बायकामुलांना काही कमीजास्त लागलं तर आपण बघू. मी म्हटलं, ते नॉर्वेला होते. नाना म्हणाले, तुम्ही कधी गेला होतात नॉर्वेला? गेलो नव्हतो, म्हटलं. मग ते इकडे आले होते? नाही. फोनवर बोलायचे? नाही.

नानांनी पुतण्याचा साखरपुडा पुढे ढकलला होता. जावयाच्या घरी दुःख आहे, आपल्याकडे वाजंत्री कशी वाजवायची म्हणून. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

माझी चूक काय? मी मेसेजमध्ये एकही शब्द खोटा लिहिलेला नाही. गुरू गेले होते. शांत बसायचं होतं. पांढरी बिछायत मंडपवाल्याने दिली, हार आईने घातला, टॉवेल नानांनी आणले. या लोकांना माणूस मेल्याशिवाय गप्प बसता येत नाही याला मी जबाबदार नाही. आणि बसले तर होते ना? कान तर उघडे होते ना? नकळत का होईना, ऐकलंच.

आईला विचारलं, तुला माहीत होतं? आई म्हणाली की तू रडला होतास, मग मला आणखी काय माहीत पाहिजे.

१ मार्च

मोहिनी येत नाही. फोन उचलत नाही. मेसेज आला की धुळ्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. दोन्हीकडच्या नातेवाइकांत माझं हसं झालं आहे. कॉलनीतला एक पोरगा मला बघून घुंऽऽ करतो. लोटन आबा दुकानात आले होते, ओडवारचं वर्षश्राद्ध कधी म्हणून विचारत होते. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या दिवसाबाबत तेवढा एकच माणूस माझ्या बाजूने उरला आहे.

ठीक आहे. सगळे गेले चुलीत. माझा बर्लिनवाला आहे.

२ मार्च

‘कानठळ्या’चे वर्गणीदार तीन.

आकडेवाला गेला. २३ तारखेचा अंक उघडला, आणि लगेच नाव काढून घेतलं. तांत्रिक बिघाड असणार. बर्लिनमध्ये सर्व्हरचा वगैरे काही प्रॉब्लेम असेल.

५ मार्च

मोहिनी परत आली. बॅग ठेवली आणि आधी आईच्या पाया पडली. माझ्याकडे बघितलं नाही. मग स्वयंपाकघरातून बोलायला लागली. ती भांड्यांशी बोलते तेव्हा ते माझ्यासाठी असतं.

म्हणाली की त्या दिवशी ज्याला हाकललंत, तो धुळ्याहून एसटीने आला होता. उभ्याने. नाव नवल. बियाण्याचं दुकान आहे. पाणी पिताना तो सांगत होता की तुमचे मिस्टर आणि मी तीन वर्षं कॉम्प्युटरवर भांडतोय. भांडायला का होईना, रोज कोणीतरी आहे म्हणून बरं वाटतं. म्हातारा गेला, तर एकदा दोघांनी शेजारी बसून ऐकावं असं वाटलं. नका येऊ म्हणून लिहिलं होतं तरी आलो, कारण माझं त्यांनी कधी काही ऐकलेलं नाही, मीच त्यांचं सगळं वाचतो. आकड्यांचा एक ईमेल आहे, दुकानाचा.

मी म्हटलं, शक्य नाही. त्याला दाढी नव्हती.

मोहिनीने पातेलं आपटलं. म्हणाली की अख्ख्या घरात तुमचं ते घुंऽऽ ऐकायला आलेला एकच माणूस होता आणि तुम्ही त्याचा दंड धरलात. नानांना गप्प बसा म्हणाला, कारण त्याला ऐकायचं होतं! मग म्हणाली की त्याने पिशवी दिली होती तुमच्यासाठी. तेव्हा मला वाटलं, गुरूंचा दुसरा शिष्य असेल, दुःखाच्या दिवसांत तुम्हाला कशाला सांगायचं, म्हणून मी आईंकडे दिली.

आईने पिशवी माळ्यावर टाकली होती, टॉवेल-टोप्यांबरोबर. दुःखाच्या घरी आलेलं वापरायचं नसतं म्हणून. स्टूल घेऊन मीच चढलो. सहा टॉवेल खाली पडले.

पिशवीत कॅसेट. ओडवारची. पाठीमागे पेनाने आकडा घातलेला, पन्नास. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. भेंडीच्या बियाण्याचं एक पाकीट होतं, रिकामं. कॅसेट ओरखडू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेलं.

६ मार्च

अल्बमखाली कॉमेंट लिहिली. पहिल्यांदा लिहिलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी झाला. पुसलं. मग लिहिलं की आपण ओळख दिली असती तर हा प्रसंग आला नसता. पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं की स्पीकरला डोकं लावून बसणाऱ्याला कोणीही झोपलेलाच समजेल. तेही पुसलं. हे सगळं खरं आहे. तरी पुसलं.

शेवटी लिहिलं: धुळ्याच्या माणसाने यावं.

८ मार्च, रविवार

उत्तर नाही. साइटवर परत परत जाऊन बघितलं. नव्या अल्बमखाली त्याचं नाव नाही. दोन अल्बम मला त्याच्या आधी सापडले. कोणाच्या आधी, ते आता सांगता येत नाही. संकल्प पूर्ण झाला.

सकाळी कॅसेट घेऊन पुढच्या खोलीत बसलो. घरात टेप नाही. कॉलनीत विचारलं, कोणाकडेच नाही. दुकानात कानाची मशीन दोनशे आहेत, टेप एकही नाही. नुसतीच हातात धरून बसलो. शेवटची अकरा मिनिटं यातही असतील.

आई आली. मला तसं खाली बसलेलं बघून दारात थांबली. विचारलं, कोण गेलं?

म्हटलं, धुळ्याचा एक जण.

गेला? असं विचारलं तिने. म्हटलं, नाही. मीच घालवला.

आईला काय समजलं कोणास ठाऊक. तिने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ बसली. आत फ्रीज चालू होता.